बोटांचे बळ आणि खांद्यांची साथ
प्रस्तरारोहणासाठी ताकद वाढवा, पण बेताने!

- विशेष प्रतिनिधी

जेमतेम पेरभर खोल खाचेत बोटे रुतवून प्रस्तरारोहक कातळावर उभा असतो. अचानक पाय निसटतो, शरीराचा सारा भार क्षणार्धात बोटांवर येतो आणि 'टक्' असा आवाज होतो. पुष्कळदा हा आवाज खाली दोर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यालाही ऐकू जातो. हाड मोडलेले नसते, रक्त आलेले नसते. पण अनामिकेच्या मुळाशी सूज चढू लागते आणि त्या आरोहकाचा अख्खा मोसम हातचा जातो. प्रस्तरारोहणातील ही सर्वांत ओळखीची दुखापत. दुर्दैवाची गोष्ट अशी की, ती बहुधा आळशी माणसाला होत नाही. उत्साहाने, पण घाईने ताकद वाढवू पाहणाऱ्याला होते.

मुंब्र्याचे कातळ, खंडाळ्याची नागफणी, तैलबैलाच्या जुळ्या भिंती, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा या ठिकाणांमुळे महाराष्ट्राला प्रस्तरारोहण नवे नाही. गेल्या काही वर्षांत मात्र या खेळाचा चेहरा बदलला आहे. २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा नवी मुंबईत झाल्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) स्पोर्ट क्लायम्बिंगचा प्रथमच समावेश झाला, तर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याची पदके वाढली. शहरांतील कृत्रिम भिंतींवर आता शाळकरी मुलांपासून संगणक अभियंत्यांपर्यंत सारेच दिसतात. पूर्वी पावसाळ्यात कातळ ओले झाले की हातांना आपोआप विश्रांती मिळे. आता भिंतीवर बाराही महिने चढता येते. बोटांवरचा भार त्यामुळे वाढला आहे. तो पेलायचा कसा, याचा हा आढावा.

बोटांचे बळ असते कुठे?

आपण 'बोटांची ताकद' म्हणतो खरे, पण बोटे मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात. या स्नायूंच्या टोकांना चिवट दोऱ्या असतात. त्यांना कंडरा म्हणतात. या कंडरा मनगटातून, तळहातातून पुढे जात बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. एक कंडरा बोटाच्या मधल्या पेराला, तर दुसरी थेट शेवटच्या पेराला बांधलेली असते. हातातील स्नायू आकुंचन पावला की दोरी ओढली जाते आणि बोट मिटते.

दोरी ओढल्यावर ती हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाऊ नये, यासाठी निसर्गाने एक सुंदर योजना केली आहे. अंगठा वगळता प्रत्येक बोटात कंडरेभोवती आडव्या कड्या असतात. मासे पकडण्याच्या गळाच्या काठीवर दोरा काठीलगत राहावा म्हणून जशा कड्या लावलेल्या असतात, तशाच. वैद्यकशास्त्रात या कड्यांना 'पुली' म्हणजे कप्पी असे नाव आहे. एका बोटात अशा पाच मुख्य कप्प्या असून 'ए-१' ते 'ए-५' असे त्यांचे क्रमांक आहेत. यातील बोटाच्या मुळाकडील पेरावर असलेली 'ए-२' आणि मधल्या पेरावरची 'ए-४' या दोन सर्वाधिक महत्त्वाच्या. सुरुवातीला उल्लेखिलेला 'टक्' हा आवाज बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक कप्पी तुटल्याचा असतो. सर्वांत जास्त वेळा ती अनामिकेत तुटते, त्याखालोखाल मधल्या बोटात.

पकड तीन प्रकारची

कप्पीवर किती ताण येतो हे पकडीवर ठरते. प्रस्तरारोहणात ढोबळमानाने तीन पकडी वापरल्या जातात.

पहिली उघडी पकड. यात बोटे बरीचशी सरळ राहतात आणि खाचेवर आकड्यासारखी अडकतात. दुसरी अर्धी मूठ. यात बोटाचा मधला सांधा साधारण काटकोनात वाकतो, शेवटचे पेर सरळ राहते आणि अंगठा मोकळा असतो. तिसरी पूर्ण मूठ. यात मधला सांधा आणखी वाकतो, शेवटचे पेर उलट्या दिशेने मुडपते आणि अंगठा तर्जनीच्या नखावर येऊन कुलूप लावावे तसा दाबून बसतो.

पूर्ण मुठीत बारीक खाच घट्ट धरता येते, म्हणून नवख्यांना ती फार आवडते. मात्र या पकडीत सांध्याच्या तीव्र कोनामुळे 'ए-२' कप्पीवर येणारा ताण उघड्या पकडीच्या कितीतरी पट असतो. याचा अर्थ ती पकड कधीच वापरू नये असा नाही. बेसाल्टच्या काही खाचा अशा असतात की तेथे तिला पर्याय नसतो. परंतु सवय म्हणून प्रत्येक ठिकाणी तीच वापरणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण देणे होय. सरावात उघडी पकड आणि अर्धी मूठ यांवर भर द्यावा आणि पूर्ण मूठ जपून, हळूहळू सवयीची करावी.

स्नायू धावतो, कंडरा चालते

या साऱ्या विषयाची मेख एका गोष्टीत आहे. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे ते काही आठवड्यांत बळकट होतात. कंडरा, कप्प्या आणि अस्थिबंध हे मुख्यतः कोलॅजेन या तंतूंचे बनलेले असतात. त्यांचा रक्तपुरवठा तुटपुंजा आणि झीज भरून येण्याचा वेग मंद असतो. त्यांना बळकट व्हायला अनेक महिने, कित्येकदा वर्षे लागतात.

परिणाम असा होतो की, सराव सुरू केल्यावर तीन-चार महिन्यांत आरोहकाला आपण एकदम ताकदवान झालो असे वाटू लागते. स्नायू आता जोराने ओढू शकतात, पण त्या ओढीला तोंड देणाऱ्या कप्प्या अजून जुन्याच असतात. धोका नेमका याच काळात अधिक असतो. दीर्घकाळ प्रस्तरारोहण केलेल्यांच्या बोटांतील कंडरा आणि कप्प्या सामान्य माणसापेक्षा जाड झालेल्या आढळतात. म्हणजे शरीर बदलते, पण आपल्या वेळापत्रकाने बदलते. म्हणूनच पहिले वर्ष-दोन वर्षे केवळ विविध प्रकारचे, सोपे ते मध्यम आरोहण करावे आणि बोटांचे स्वतंत्र व्यायाम त्यानंतर हाती घ्यावेत, असा सल्ला बहुतेक प्रशिक्षक देतात.

न्यूरेंबर्गची फळी

बोटांच्या स्वतंत्र प्रशिक्षणाचा इतिहास सांगताना जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिशचे नाव घ्यावेच लागते. १९८८ च्या सुमारास त्याने न्यूरेंबर्गच्या 'कॅम्पस' या व्यायामशाळेत एका कललेल्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पाय न टेकवता केवळ हातांनी एका पट्टीवरून दुसरीवर झेप घेण्याचा सराव सुरू केला. त्या जागेवरून या साधनाला 'कॅम्पस बोर्ड' हे नाव पडले. एक-दोन बोटेच मावतील अशा खोबणींच्या एका मार्गासाठी त्याची ही तयारी होती. जर्मनीतील फ्रँकेनयुरा भागातील 'अ‍ॅक्शन डिरेक्ट' हा तो मार्ग त्याने १९९१ मध्ये सर केला. '९-अ' या काठिण्यपातळीचा तो जगातील पहिला मार्ग मानला जातो.

ही कथा ऐकून अनेक तरुण थेट कॅम्पस बोर्डाकडे वळतात. ग्युलिश तेथे पोहोचला तेव्हा तो जगातील अव्वल आरोहकांपैकी एक होता आणि त्यामागे अनेक वर्षांची तपश्चर्या होती, हे मात्र विसरले जाते. झेप घेऊन पट्टी पकडताना बोटांवर येणारा झटका हा स्थिर टांगण्यापेक्षा फार वेगळा असतो. नवख्यांनी आणि अठरा वर्षांखालील मुलांनी त्यापासून दूरच राहावे.

टांगण्याचा सराव कसा करावा?

बोटांची ताकद वाढवण्याचे सर्वाधिक मोजूनमापून करता येणारे साधन म्हणजे टांगण्याची फळी, अर्थात 'हँगबोर्ड'. दाराच्या चौकटीवर बसणारी ही फळी घरीही लावता येते. प्रत्यक्ष कातळावर पाय केव्हा निसटेल, खाच केव्हा तुटेल हे सांगता येत नाही. फळीवर मात्र भार, वेळ आणि पकड तिन्ही आपल्या हाती असतात. म्हणूनच नीट वापरली तर ती सुरक्षित आहे.

सुरुवात १८ ते २० मिलिमीटर खोलीच्या, कडा गोलसर असलेल्या पट्टीवर करावी. सुरुवातीला पाय जमिनीवर किंवा खुर्चीवर टेकवून शरीराचा काही भार कमी करावा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुसरा पर्याय म्हणजे पट्टीचा लहान ठोकळा दोरीने वजनाला बांधून ते वजन जमिनीवरून बोटांनी उचलणे. यात खांद्यावर ताण येत नाही आणि वजन किलोकिलोने वाढवता येते.

पुरेसा पाया झाल्यावर जोराच्या सरावाकडे वळता येते. स्पेनच्या प्रशिक्षक व संशोधक एवा लोपेझ यांनी रूढ केलेली पद्धत जगभर वापरली जाते. तिचे सूत्र सोपे आहे. साधारण १३ सेकंद पेलेल एवढा भार निवडावा, पण टांगावे १० सेकंदच. म्हणजे दोन-तीन सेकंदांची शिल्लक हाती ठेवूनच पट्टी सोडावी. त्यानंतर सुमारे तीन मिनिटे पूर्ण विश्रांती. अशा तीन ते पाच फेऱ्या पुरेत. बोटे उघडून खाली पडेपर्यंत लोंबकळणे हा पराक्रम नव्हे. थकलेली बोटे शेवटच्या क्षणी उघडू लागतात आणि इजा होण्याची शक्यता तेव्हाच वाढते.

असा सराव आठवड्यातून दोनदा करावा आणि दोन सरावांत किमान ४८ तासांचे अंतर असावे. चार ते आठ आठवड्यांनंतर एक आठवडा भार निम्म्यावर आणावा. भार वाढवायचा तर एका वेळी एक ते दोन किलोच. एकाच आठवड्यात भारही वाढवला, पट्टीही बारीक केली आणि फेऱ्याही वाढवल्या, असे कदापि करू नये.

याउलट, हलक्या भाराचा सरावही उपयोगी ठरू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ कीथ बार यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनानुसार, अस्थिबंधातील पेशी सुमारे दहा मिनिटांच्या भारानंतर प्रतिसाद देईनाशा होतात आणि पुन्हा प्रतिसादक्षम होण्यास त्यांना सहा तासांच्या आसपास विश्रांती लागते. हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींवरचे आहेत, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही त्यातून निघालेला धडा अनेक आरोहक आचरणात आणतात: पाय जमिनीवर टेकवून, हलक्या भाराने, दहा सेकंद ताण आणि अर्धा मिनिट विसावा असा दहा मिनिटांचा सराव. दुखापतीतून सावरणाऱ्यांनाही वैद्यकीय सल्ल्याने तो करता येतो.

खांदा : बशीवरचे लिंबू

बोटांची चर्चा होते, खांद्याची होत नाही. वास्तविक बोटांनी धरलेली खाच शरीराशी जोडली जाते ती खांद्यामुळे. खांदा हा शरीरातील सर्वाधिक फिरणारा सांधा आहे. उथळ बशीवर लिंबू ठेवावे तसे दंडाच्या हाडाचे गोल डोके फऱ्याच्या लहानशा खोबणीवर टेकलेले असते. ते जागेवर राहते ते प्रामुख्याने त्याभोवती असलेल्या चार लहान स्नायूंच्या आवरणामुळे. त्याला 'रोटेटर कफ' म्हणतात.

आरोहण म्हणजे सतत ओढणे. त्यामुळे पाठीचे रुंद स्नायू, छाती आणि दंडाचे पुढचे स्नायू बलवान होत जातात. यातील पाठीचे आणि छातीचे स्नायू दंडाला आतल्या बाजूस फिरवतात. दंड बाहेर फिरवणारे आणि फऱ्याला पाठीशी सपाट धरणारे स्नायू मात्र मागे पडतात. कालांतराने खांदे पुढे झुकतात, पाठीला बाक येतो आणि हात डोक्यावर नेताना खांद्याच्या आत चिमटल्यासारखे दुखू लागते.

यातील पहिला धडा टांगण्याचा. लोकलच्या कडीला लोंबकळणारा दमलेला प्रवासी आठवावा. खांदे कानाशी आलेले, मान खचलेली, सारा भार अस्थिबंधांवर. फळीवर असे लोंबकळू नये. कोपर किंचित सैल ठेवून खांदे कानांपासून दूर, खाली ओढून धरावेत. भार अस्थिबंधांऐवजी स्नायूंनी पेलला पाहिजे.

खांद्यासाठी पुढील व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा केल्यास वीस मिनिटे पुरतात.

फऱ्याची उचल : आडव्या दांड्याला टांगून, कोपर न वाकवता, केवळ फरे खाली ओढून शरीर दोन-तीन इंच उचलावे. आठ ते दहा वेळा, तीन फेऱ्या.

रबरी पट्ट्याने बाह्य फिरकी : कोपर काटकोनात वाकवून कमरेशी दाबावे, मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि पट्टा ताणत पुढचा हात बाहेर न्यावा. भार हलका, गती संथ. पंधरा वेळा, दोन ते तीन फेऱ्या.

पालथे झोपून हात उचलणे : हात आधी बाजूला सरळ, मग डोक्याच्या दिशेने तिरके पसरून, अंगठे वर ठेवून जमिनीपासून उचलावेत. दहा-दहा वेळा.

जोर : ओढण्याच्या बरोबरीने ढकलणेही हवे. सपाट्याने शंभर जोर काढण्यापेक्षा दहा-पंधरा जोर सावकाश काढावेत आणि वर आल्यावर जमीन आणखी थोडी ढकलून फरे पुढे न्यावेत. तालमीत जोर आणि मुद्गल फिरवणे यांना जे स्थान आहे, त्याचे मोल प्रस्तरारोहकाने ओळखावे. मुद्गल हलका असावा आणि फिरवण्याची रीत जाणकाराकडून शिकून घ्यावी.

बोटे उघडण्याचा व्यायाम : पाचही बोटांभोवती रबरबँड अडकवून ती फाकवावीत. वीस वेळा, दोन फेऱ्या. सतत मिटणाऱ्या बोटांना उघडण्याची सवय राहिली की कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्यालाही आळा बसण्यास मदत होते.

ताकदीआधी पाय

शक्तीच्या मागे लागताना एक साधी गोष्ट नजरेआड होते. जो भार पायांवर टाकला, तो बोटांवर येत नाही. कंबर भिंतीलगत ठेवणे, पायाचा अंगठा नेमका टेकवणे, हात शक्यतो सरळ ठेवणे यांमुळे बोटांचे काम झपाट्याने हलके होते. बोटांवर अचानक भार येण्याचे मोठे कारण पाय निसटणे हेच असल्याने, चांगले पदलालित्य हा दुखापत टाळण्याचाही उपाय आहे.

तितकीच महत्त्वाची आहे अंग गरम करण्याची क्रिया. पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. आधी चालणे किंवा दोरीवरच्या उड्या, मग खांद्यांच्या फिरक्या, नंतर मोठ्या खाचांवर सोपे आरोहण आणि शेवटी फळीवर हलक्या भाराच्या तीन-चार टांगण्या. थंडीतील पहाटेच्या आरोहणात तर यात काटकसर करूच नये.

मुलांच्या बाबतीत विशेष काळजी

पालकांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. मोठ्या माणसात कप्पी तुटते, तर किशोरवयीन मुलांत तिच्याआधी ही कूर्चा दगा देते. वारंवार ताणाने तेथे बारीक भंग होतो. लक्षण फसवे असते. आवाज येत नाही, एका क्षणी झालेली इजा आठवत नाही. बोटाच्या मधल्या सांध्याच्या मागील बाजूस हळूहळू दुखू लागते, सूज येते. बहुधा मधल्या बोटात.

साधारण तेरा ते सोळा या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना हा धोका सर्वाधिक असतो. 'सरावाने दुखतेच' म्हणून दुर्लक्ष केल्यास बोट कायमचे वाकडे राहू शकते. वेळीच ओळखून आरोहण थांबवले, तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. त्यामुळे अशा वेदनेत क्ष-किरण तपासणी आणि गरज भासल्यास एमआरआय करून घ्यावे. या वयात कॅम्पस बोर्ड, वजन बांधून टांगणे आणि पूर्ण मुठीचा अतिरेक टाळावा.

वजन घटवण्याचा मोहही घातक आहे. हलके शरीर वर ओढणे सोपे, या विचाराने काही खेळाडू उपाशी राहतात. अपुऱ्या आहाराने हाडे ठिसूळ होतात, मुलींची मासिक पाळी बिघडते आणि दुखापती भरून येत नाहीत. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२४ मध्ये या प्रश्नासाठी खेळाडूंच्या आरोग्यतपासणीचे धोरण लागू केले, यावरून त्याचे गांभीर्य कळावे.

दुखापत झालीच तर

'टक्' आवाज आला किंवा बोटाच्या मुळाशी दाबल्यावर तीव्र वेदना झाली, तर त्याच क्षणी आरोहण थांबवावे. 'एवढा एक मार्ग पुरा करू' हा हट्ट महागात पडतो. बर्फाचा शेक द्यावा, बोटाला आधार द्यावा आणि हातांच्या विकारांची माहिती असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. सोनोग्राफीने कंडरा हाडापासून किती दूर सरकली आहे हे मोजता येते व त्यावरून कप्पी ताणली गेली की तुटली, हे समजते.

जर्मन शल्यविशारद फोल्कर श्योफल यांनी केलेल्या वर्गीकरणात या इजेच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या तिन्हींवर सामान्यतः शस्त्रक्रियेविना उपचार होतात. बोटाभोवती संरक्षक कडे घालून कप्पीला जुळण्यास वेळ दिला जातो. एकापेक्षा अधिक कप्प्या तुटल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. किरकोळ ताणातून सावरून पूर्ण जोमाने चढण्यास सुमारे सहा आठवडे, 'ए-२' पूर्ण तुटल्यास तीन महिने आणि शस्त्रक्रियेनंतर सहा महिने, असा ढोबळ अंदाज आहे.

वेदनाशामक गोळी घेऊन चढणे सर्वथा टाळावे. वेदना ही धोक्याची सूचना आहे. ती बंद करून धोका टळत नाही. चिकटपट्टीबद्दलही गैरसमज आहे. इजा झालेल्या बोटाला सावरताना योग्य रीतीने बांधलेल्या पट्टीचा उपयोग होतो, पण निरोगी बोटाला ती इजेपासून वाचवते असे मानून निर्धास्त राहू नये.

हे लक्षात ठेवा

* पहिली एक-दोन वर्षे भर विविध आरोहणावर. स्वतंत्र फळीचा सराव नंतर.
* बोटांचे कठीण सराव आठवड्यातून दोनदाच, मध्ये ४८ तासांचे अंतर.
* टांगताना दोन-तीन सेकंदांची शिल्लक ठेवूनच थांबावे.
* एका वेळी भार, पट्टीची खोली किंवा फेऱ्या यांपैकी एकच गोष्ट वाढवावी.
* जितके ओढणे, तितके ढकलणे.
* आजारपण किंवा मोठ्या खंडानंतर जुन्या भाराच्या निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करावी.
* सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली, दुखरी वाटली तर त्या दिवशी फळीला हात लावू नये.

पावसाळा सरून कातळ वाळले की सह्याद्रीतील आरोहणाचा मोसम सुरू होतो आणि पहिल्याच रविवारी मागील वर्षीचा अवघड मार्ग पुन्हा चढण्याची घाई होते. कडा आहे तेथेच राहणार आहे. पहिले दोन-तीन रविवार सोप्या मार्गांना द्यावेत. मोसमाचे उरलेले सारे रविवार त्याने हाती राहतात.